पहिल्या वर्षाला सगळेच पैसे देतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आल्प्समधल्या गुहांवरचा तुमच्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. फोटो भारीच होते, पण लेखाच्या शेवटी जी चौकट टाकलीय ना, "एवढा पैसा ओतून शेवटी हाती काय लागतं" टाइपची, ती वाचून जरा डोक्यात गेलं म्हणून लिहायला बसलो. मी एका छोट्या केव्हिंग (म्हणजे गुहांत उतरून त्या शोधणाऱ्या) टीमचा खजिनदार आहे, म्हणजे गुहेत कमी आणि एक्सेल शीटमध्ये जास्त वेळ घालवणारा माणूस, त्यामुळे पैसा कुठे जातो हे मला गुहेच्या नकाशापेक्षा जास्त पाठ आहे. आणि खरं सांगू का, पैसा लागतो याचं मला काही वाटत नाही, पैसा चुकीच्या वर्षी मिळतो हे खरं दुखणं आहे.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो, कारण लोकांच्या डोळ्यासमोर गुहा म्हटलं की दिवे लावलेली, रेलिंग असलेली, तिकीट काढून बघायची गुहा येते. आल्प्सच्या वरच्या पठारांवर जे असतं ते तसलं नाही. तिथे चुनखडीच्या उघड्या खडकात एक भोक असतं, कधी माणूस जेमतेम आत सरकेल एवढं, आणि ते सरळ खाली जातं. विहिरीखाली विहीर, त्याखाली अजून एक, मध्ये मध्ये चेपून जायच्या फटी. आतलं तापमान दोन-चार डिग्री, हवेत ओल जवळजवळ शंभर टक्के, अंगावर पाणी टपकत असतं आणि सूर्याचा पत्ता नाही. अशा ठिकाणी पाचशे मीटर खाली जायचं म्हणजे पाचशे मीटर दोरावरून परत वर पण यायचं, स्वतःच्या हातापायांनी, पाठीवर (खरं तर पायांच्या मध्ये लोंबकळणाऱ्या) बॅगेसकट.

आता प्लॅनिंग. लोकांना वाटतं उन्हाळ्यात तिकीट काढलं, गेले, उतरले. प्रत्यक्षात सुरुवात हिवाळ्यात होते आणि तीही घरी बसून. तिथल्या देशात गुहांची रजिस्टरं असतात, ऑस्ट्रियात तर प्रत्येक भागाला चार आकडी नंबर आणि पुढे गुहेचा नंबर, लोझर पठाराचा भाग म्हणजे १६२३, असं. ते जुने रिपोर्ट काढायचे, कोण कुठपर्यंत गेलं, कुठे "दोर संपला" लिहिलंय, कुठे "बर्फाने बंद" लिहिलंय, ते शोधत बसायचं. आमच्यातला एक जण हे जुने रिपोर्ट भविष्य वाचल्यासारखे वाचतो. "बर्फाने बंद" लिहिलं असेल तर तो खूश होतो, कारण गेल्या काही दशकांत उंचावरचं बर्फ कमी झाल्यामुळे पूर्वी बंद असलेली बरीच तोंडं आता उघडी पडलीत. (खूश होण्यासारखी गोष्ट नाहीये ही, त्यालाही कळतं ते, पण खुशी होते त्याला काय करणार.)

आणि वारा. गुहेचं खरं माप वारा सांगतो. मोठ्या सिस्टिमला वर एक तोंड आणि खाली एक तोंड असेल तर ती चिमणीसारखी चालते, उन्हाळ्यात आतली थंड जड हवा खालच्या तोंडातून बाहेर पडते, हिवाळ्यात उलटं होतं, वरच्या तोंडातून त्यातल्या त्यात उबदार हवा बाहेर येते आणि आजूबाजूला सगळं पांढरं असताना मध्येच बर्फात एक गोल भोक वितळलेलं दिसतं. म्हणून काही टीम हिवाळ्यात स्कीवर नुसतं भोकं बघायला जातात. आम्हाला ते परवडत नाही, म्हणून आम्ही उन्हाळ्यात अगरबत्ती घेऊन फिरतो, धूर कुठे वळतो बघत. हसू नका, चालतं ते.

स्थानिक क्लबशिवाय मात्र पाऊल टाकायचं नाही. परवानग्या त्यांच्या ओळखीने मिळतात, कुठली झोपडी वापरायची ते त्यांना माहीत असतं, रेस्क्यूची वेळ आली तर आधी तेच येणार असतात आणि मुळात गुहा त्यांची आहे, आपण पाहुणे. पहिल्या वर्षी आम्ही त्यांना जे पहिलं ईमेल पाठवलं त्यात आमच्या अनुभवाची यादी दीड पान होती, त्यावर उत्तर एका ओळीचं आलं, की नकाशा काढणार का? बस. तुम्ही किती खोल जाणार वगैरे काही नाही. नकाशा काढणार आणि आम्हाला देणार असाल तर या.

बजेटकडे येतो. प्रवास आणि सामानाची ने-आण यात मोठा घास जातो, तो सगळ्यांनाच कळतो. पण दुसरा घास जातो अशा गोष्टींत ज्या परत येत नाहीत, आणि हे स्पॉन्सरला समजावताना माझ्या तोंडाला फेस येतो. दोर घ्या. नऊ मिलिमीटरचा स्टॅटिक (म्हणजे फारसा न ताणला जाणारा) दोर मीटरला साधारण पन्नास ग्रॅम भरतो, म्हणजे दोनशे मीटर म्हणजे दहा किलो, तेही कोरडा असताना. ओला आणि चिखलाने माखला की त्याचं वजन विचारू नका. तो दोर विहिरीत टाकताना दगडाला घासू नये म्हणून दर काही मीटरवर ड्रिलने भोक पाडून बोल्ट ठोकायचा, त्यावर दोर नव्याने बांधायचा, आम्ही त्याला रिबिले म्हणतो. बोल्ट खडकात राहतात. दोर दोन-तीन सीझन घासला की कापून टाकावा लागतो. स्पॉन्सर विचारतो, "मागच्या वर्षी दिला होता ना दोर?" अहो दिला होता, पण तो चपलेसारखा झिजतो, फक्त चप्पल तुटली तर माणूस पडत नाही.

दोरावरून आठवलं, आमचा एक वेडेपणा सांगतो. दुसऱ्या खेपेला एका दुकानातून घाईत ऑनलाइन दोर मागवला, आला तो डायनॅमिक, म्हणजे कड्यावर चढताना पडलात तर झटका खाऊन ताणला जाणारा. लेबल नीट न वाचण्याची चूक अर्धी त्यांची, अर्धी माझी. आमचा एक जण म्हणाला चालेल की, दोर तो दोर. चाळीस मीटरच्या विहिरीत त्यावर चढायला लागला तर पहिली आठ-दहा पावलं नुसता दोर ताणण्यातच गेली, तो जागच्या जागी, मग अचानक वर-खाली स्प्रिंगवरच्या बाहुलीसारखा, आणि प्रत्येक हेलकाव्याला वरचा दोर खडकाच्या कडेला घासतोय हे आम्हाला दिसत होतं. खाली उतरवला त्याला लगेच. ते पैसे पाण्यात. शीटमध्ये मी त्या ओळीचं नाव "शिक्षण" ठेवलंय.

इन्शुरन्सवर मी भांडून पैसे काढतो, इथे तडजोड नाही. पॉलिसीत "केव्हिंग" हा शब्द स्पष्ट लिहिलेला हवा, "साहसी खेळ" असं गुळमुळीत नको. २०१४ च्या जूनमध्ये जर्मनीतल्या रीझेंडिंग गुहेत जवळजवळ एक हजार मीटर खोलीवर एका अनुभवी केव्हरच्या डोक्यात दगड पडला. त्याला बाहेर काढायला अकरा दिवस लागले, पाच देशांतली सातशेच्या वर माणसं राबली आणि खर्च गेला साडेनऊ लाख युरोच्या वर. तो वाचला. हे मी घाबरवायला सांगत नाहीये, पण आमच्या मीटिंगमध्ये कोणी इन्शुरन्सच्या ओळीवर काट मारायला आलं की मी हा किस्सा काढतो आणि पेन परत खिशात जातं. पावसाचंही तसंच. वर पठारावर वादळ झालं की खालच्या विहिरीत धबधबा यायला फार वेळ लागत नाही. फ्रान्समधल्या गूफ्र बेर्जे गुहेत १९९६ ला अशाच पुरात दोन जण गेले. म्हणून आमच्या प्लॅनमध्ये रिकामे दिवस असतात, नुसते तंबूत बसून आकाशाकडे बघायचे, आणि स्पॉन्सरला ते दिवस "वाया" वाटतात. त्या दिवसांचंही जेवण लागतं, झोपडीचं भाडं लागतं, ते मी कुठल्या हेडखाली दाखवू?

आता मूळ मुद्दा. पैसे मागायला गेलो की पहिला प्रश्न, "किती खोल?" दुसरा प्रश्न, "रेकॉर्ड होईल का?" एका कंपनीच्या मार्केटिंगवाल्याने तर तळाशी बॅनर धरून फोटो हवा असं सांगितलं, दीड मीटर बाय एक मीटर, आम्ही त्याला विचारलं की साहेब आम्ही ज्या फटीतून जातो ती तुमच्या बॅनरपेक्षा अरुंद आहे, तर म्हणाला घडी घाला. ठीक आहे, घडी घातली, फोटो काढला, चिखलात कंपनीचं नाव अर्धंच वाचता येत होतं. पहिल्या वर्षी पैसे मिळाले. पुढच्या वर्षी त्याच माणसाकडे गेलो, म्हणालो काम अर्धं राहिलंय, पुढे जायचंय, तर म्हणाला, "तिथे तर तुम्ही जाऊन आलात ना?"

इथेच सगळं अडतं. पहिल्या वर्षाला सगळेच पैसे देतात, नवीन आहे, बातमी आहे, नारळ फोडायला बरं वाटतं. पण आल्प्समधली गुहा एका वर्षात कोणालाच पावत नाही, हा काही माझा शोध नाही, जे कोणी तिथे मोठं काम केलंय त्यांच्याकडे बघा. फ्रान्समधल्या दाँ द क्रोल डोंगरातल्या गुहेवर पिएर शव्हालिए आणि मंडळी १९३० च्या दशकापासून लागलेली, मध्ये महायुद्ध झालं तरी सोडलं नाही, आणि १९४७ ला ६५८ मीटर, तेव्हाचा जगातला विक्रम. नायलॉनचा दोर, दोरावर चढायची यंत्रं, हे सगळं त्या रेट्यातून गुहेत आलं, आणि त्यांच्यातल्याच फर्नांड पेत्झलच्या वर्कशॉपमधून पुढे निघालेल्या कंपनीचं सामान आज अर्धं जग कमरेला लावून फिरतं. ऑस्ट्रियातल्या लाम्प्रेख्ट्सोफेनला पोलंडचे केव्हर १९७० च्या दशकापासून वर्षामागून वर्षं येत राहिले, गुहेचं खालचं तोंड दरीत, तिथे टुरिस्ट तिकीट काढून जातात, आणि हे लोक वर डोंगरात नवीन तोंडं शोधून वरून खाली उतरत होते. १९९८ ला वरची आणि खालची गुहा एकमेकींना मिळाली आणि १६३२ मीटर खोलीची ती गुहा जगात सगळ्यात खोल ठरली. तो मान टिकला किती, तर २००१ पर्यंत, मग कॉकेशसमधल्या अबखाझियातल्या क्रुबेरा गुहेने तो काढून घेतला, आता तर त्याच अराबिका पर्वतातली व्हेर्योव्किना २२०० मीटरच्या पुढे गेलीय. म्हणजे विक्रम तीन वर्षांत शिळा झाला. नकाशा मात्र अजून तोच वापरात आहे.

स्लोव्हेनियातलं मिगोवेत्स डोंगरातल्या गुहेचं उदाहरण तर मला सगळ्यात आवडतं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजची पोरं १९९४ पासून तिथे तोलमिनच्या स्थानिक केव्हरांबरोबर जातायत. पोरं पास होऊन जातात, नवीन येतात, पण डोंगर तोच, बादलीभर पाण्यासाठी बर्फ वितळवणंही तेच. दरवर्षी थोडं थोडं काम, पेपरला छापण्यासारखं काही नाही. ती गुहा आता स्लोव्हेनियात सगळ्यात लांब आहे. केंब्रिजच्या विद्यार्थ्यांचं लोझर पठारावरचं काम १९७६ पासूनचं, आणि त्या मोहिमांतल्या लोकांनी सर्व्हेचे आकडे सांभाळायला सर्व्हेक्स नावाचं सॉफ्टवेअर लिहिलं ते आम्हीही वापरतो, फुकट. तुमच्या चौकटीला हवं असेल तर हे घ्या "हाती काय लागतं"चं एक उत्तर.

आणि विक्रमाच्या नादाला लागलं की काय होतं त्याचंही उदाहरण आहे, आल्प्सचं नाही, इराणच्या झाग्रोस पर्वताचं, पण आमच्या लाइनमध्ये सगळ्यांना माहीत असलेलं. १९७१ ला ब्रिटिश टीमला घार परौ ही गुहा सापडली, उंचावर, प्रचंड आशादायक, ही जगात सगळ्यात खोल निघणार अशी हवा झाली. १९७२ ला मोठी टीम, मोठा पैसा, मोठा गाजावाजा. गुहा ७५१ मीटरवर पाण्याने भरलेल्या बोगद्याशी संपली. खेळ खल्लास. आता बघा, नुसत्या आकड्याने मोजलं तर फजिती. पण त्या मोहिमेचे उरलेले पैसे वाटून न खाता त्यांनी त्यातून घार परौ फाउंडेशन काढलं, आणि ते इतक्या वर्षांनंतर आजही ब्रिटिश केव्हिंग मोहिमांना अनुदान देतं. रक्कम डोळे दिपवणारी नसते, पण अर्जात योजना बघतात, आल्यावर रिपोर्ट मागतात आणि त्याच जागी परत जाणाऱ्यालाही देतात. युरोपात गुहांच्या महासंघाकडूनही अशा प्रोजेक्टना मदत होते. म्हणजे पैसा कसा द्यायचा याचं गणित लोकांनी आधीच सोडवून ठेवलंय, आपण नुसतं बघायचं. बाकी बहुतेक मोहिमांचा मोठा भाग टीममधले लोक स्वतःच्या खिशातून भरतात हेही लिहून ठेवतो, कारण "दुसऱ्याच्या पैशावर मजा" असाही एक सूर तुमच्या लेखात होता.

नकाशाचा उपयोग काय, हा पुढचा प्रश्न येणारच. व्हिएन्ना शहर पाणी पितं ते डोंगरातल्या चुनखडीतून येणाऱ्या झऱ्यांचं, पहिली पाइपलाइन १८७३ ची, दुसरी हॉखश्वाब भागातून १९१० ची. चुनखडीच्या डोंगरात पाणी मातीतून गाळून वगैरे येत नाही, फटीत शिरलं की सरळ पळतं, आणि पठारावर ओतलेली घाण कुठल्या झऱ्याला निघेल हे वरून बघून सांगता येत नाही. त्यासाठी पाण्यात फ्लुओरेसिनसारखा रंग सोडून खाली झऱ्यांवर लक्ष ठेवतात आणि आतला रस्ता कळायला कोणीतरी आत जाऊन मोजमाप घेतलेलं असावं लागतं. ते कोणीतरी म्हणजे आम्ही. गुहेतलं जुनं बर्फ, चुन्याचे थर, यात हजारो वर्षांच्या हवामानाची नोंद असते, तेही शास्त्रज्ञांना आपोआप सापडत नाही, आधी कोणीतरी दोर लावून ठेवलेला असतो.

मोजमाप म्हणजे तरी काय, बघायला अगदी कंटाळवाणं. एक जण पुढे जाऊन खडकावर नेलपॉलिशचा ठिपका मारतो, दुसरा मागच्या ठिपक्यावरून लेझर टाकतो, अंतर, दिशा, चढउतार. स्वित्झर्लंडच्या एका केव्हरने बांधकामवाल्यांच्या लेझर मीटरमध्ये नवीन सर्किट बसवून डिस्टोएक्स नावाचं यंत्र केलं, ते एका बटणात तिन्ही आकडे देतं. तिसरा जण थरथरत्या हातांनी चित्र काढतो. हा तिसरा जण सगळ्यात जास्त गारठतो कारण तो हलत नाही, म्हणून आमच्याकडे ज्याच्या अंगावर चरबी जास्त त्याला पेन्सिल मिळते. मला नेहमी मिळते.

तर आमचं काय झालं ते सांगून थांबतो. मागच्या खेपेला शेवटून दुसऱ्या दिवशी आम्ही एका नवीन विहिरीत उतरलो. दोर मोजून आणलेला, खाली गाठ मारलेली, कारण गाठ नसेल तर टोकावरून सरळ खाली जाल. मी गाठीपाशी पोचलो, पाय टेकायला जागा नाही, खाली दिवा टाकला तर भिंती लांब होत गेलेल्या आणि तळ दिसेना, आणि खालून थंड वारा सरळ तोंडावर. खिशात बाजूच्या कपारीतून काढलेला एक दगड होता तो सोडला. एक, दोन, तीन, मग आवाज. तीन सेकंद म्हणजे चाळीसेक मीटर. वरून ओरडून विचारलं, दोर आहे का अजून? नव्हता. होता तो डायनॅमिक, तंबूत. म्हणजे "शिक्षण".

मग गुपचूप वर चढलो, दोर काढत काढत, सगळं मोजत मोजत. रिपोर्टमध्ये आमच्या त्या माणसाला आवडेल असंच वाक्य लिहिलं, "दोर संपला, पुढे चालू आहे, जोराचा वारा." स्थानिक क्लबला नकाशा पाठवला, त्यांचं परत एका ओळीचं उत्तर, पुढच्या उन्हाळ्यात कधी येताय?

तेव्हा संपादक साहेब, तुम्हाला एवढीच विनंती की पुढच्या वेळी अशा मोहिमेची बातमी छापाल तेव्हा खोलीच्या आकड्याशेजारी हे कितवं वर्ष आहे तेही छापा, आणि जमलं तर नकाशा छापा, बॅनरचा फोटो नको. तुमचा पेपर कंपन्यांच्या ऑफिसात पडलेला असतो, कोणाच्या तरी नजरेला पडेल. आम्हाला ऐंशी मीटर स्टॅटिक दोर, बारा बोल्ट आणि चार जणांचा इन्शुरन्स लागणार आहे. शीट तयार आहे, कोणाला बघायची असेल तर दाखवतो, "शिक्षण"च्या ओळीसकट.

आपला,
एक नियमित वाचक आणि खजिनदार